पोरगी कुठं बसली होती

११ फेब्रुवारी, मंगळवार

जो येतो तो एकच विचारतो, पोरगी कुठं बसली होती. उसाची ट्रॉली भर रस्त्यात पंक्चर होऊन उभी, मागं लाल दिवा नाही, चमकती पट्टी नाही, बाभळीचा एक फाटा तोडून टाकायची अक्कल नाही, ते कुणी विचारत नाही. ट्रॉलीवाल्याच्या दारात जायला ह्यांचे पाय दुखतात. इथं चहा मिळतो म्हणून इथं यायचं, बशी खाली ठेवायची आणि मला विचारायचं, पोरगी कुठं होती.

माझ्या मांडीवर होती. तीन वर्षांचं लेकरू आजीच्या मांडीवर नसंल तर काय टपावर असंल?

मी बोलायला लागले की घरातले उठून जातात. म्हणून ही डायरी घेतली. खताचा दुकानदार दर साली एक देतो, ती कोरीच राहते. माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर मोठं येतं, येऊ दे. डावा हात प्लास्टरमध्ये आहे, लिहायचा धड आहे.

झालं ते असं. समृद्धीचं जावळ काढायला डिंभ्याला तिच्या मामाकडं गेलो होतो. समृद्धी म्हणजे भरतची, माझ्या लेकाची, एकुलती. दिवस मावळायला डिंगोऱ्याला परत निघालो. गाडी भरत चालवत होता. पुढं मी आणि माझ्याजवळ पोरगी. मागं सून साधना आणि आमचे हे. ह्यांचं नाव सावळेराम, वहीत लिहायला काय जातंय. कळंबच्या पुढं ती ट्रॉली आली. भरतनं ब्रेक दाबला, गाडी घसरत जाऊन ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्याला लागली, माझ्या बाजूनं.

पोरीच्या मांडीचं हाड मोडलं. हनुवटीला टाके. पुढचे दोन दात गेले. साधनाला काही नाही, ती मागं बसली तरी पट्टा लावते. ह्यांच्या कपाळाला टेंगूळ. दवाखान्यातनं साधना पोरीला घेऊन सरळ डिंभ्याला बापाकडं गेली. मला विचारलं नाही.

मी घट्ट धरली होती. दोन्ही हातांनी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

खुर्चीचं लिहायचं राहिलं. सगळं त्या खुर्चीवर येऊन थांबतंय म्हणून लिहिते.

साधना कॉलेज शिकलेली, ओतूरला पतसंस्थेत कामाला जाते. पोरगी बसायला लागली तेव्हा तिनं मोबाईलवरनं एक खुर्ची मागवली. गाडीच्या मागच्या सीटवर ती बांधायची आणि लेकराला त्यात पट्ट्यांनी आवळायचं. मी म्हटलं, पोर आहे का चोर आहे. त्या खुर्चीच्या जागेत एक बाई आरामात बसते, अंग चोरून दोन बसतात. शेजारच्या बयाबाईला जुन्नरच्या लग्नाला न्यायचं कबूल केलं होतं, खुर्चीपायी ती राहिली. पुढं कितीतरी दिवस तिनं माझ्याकडं विरजण मागितलं नाही.

आणि पुढच्या सीटचं निराळंच. पट्टा लावला नाही की गाडी टुंग टुंग करत राहते. माझं डोकं उठतं. म्हणून भरतनं नारायणगावला पारसशेठच्या दुकानातनं पट्ट्याची नुसती जीभ आणून दिली. खाचेत घातली की गाडीला वाटतं बाईनं पट्टा लावला, गप बसते. साधनानं एकदा काढून फेकली. मी दुसरी आणवली.

आता जावळाचं. जावळ मामाच्या मांडीवर निघतं. आमच्या घरात पुढं रीत अशी, की तिथनं आजीनं लेकरू उचलायचं ते आपल्या उंबऱ्याच्या आत येईपर्यंत खाली ठेवायचं नाही. मधी टेकवलं तर जावळ अर्धवट राहतं. भरतला माझ्या सासूनं असंच आणलं होतं, एसटीत उभ्यानं, दांडासुद्धा न धरता.

निघताना साधनानं पोरीला खुर्चीत बसवून पट्टे लावले होते. मी काढली. ती म्हणाली, राहू द्या आत्या, झोप आलीय तिला. मी म्हटलं, तुझ्या माहेरी रीत नसंल, आमच्यात आहे. तिच्या आईबापासमोर म्हटलं. ती गप बसली. तेव्हा गप बसायचं आणि आता तोंड फिरवायचं, हे कुठलं शहाणपण.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गाडीतलं सामान काढायला भरतबरोबर नारायणगावला गॅरेजात गेले. माझ्या बाजूचा पत्रा आत गेलाय. समोरच्या काचेखालच्या फळीला चीर पडलीय. मिस्त्रीनं तिथं पेपर चिकटवला होता. मी पेपर काढला आणि परत लावला.

मागं खुर्ची जशीच्या तशी. तिच्यात बांगड्यांचा डबा होता. साधनाच्या आईनं पोरीला आणि आमच्या भावकीतल्या बायकांना हिरव्या काचेच्या बांगड्या दिल्या होत्या. खुर्ची रिकामी झाली म्हणून निघताना डबा मीच तिच्यात ठेवला, आणि घोडेगावपर्यंत रस्ता खराब म्हणून पट्टे आवळून लावले.

डबा उघडून बघितला. एक बांगडी फुटली नव्हती.

भरतनं पण बघितलं. मिस्त्री मागं उभा होता, म्हणाला, "मावशी, लई नशीब लागतं." कशाबद्दल म्हणाला ते विचारलं नाही. भरतनं डबा माझ्या हातातनं घेतला, परत खुर्चीत ठेवला, मग परत उचलला. कुठं ठेवावा ते त्याला कळंना. येताना त्याच्या मित्राच्या मोटरसायकलवर मी डबा मांडीवर धरून बसले.

बयाबाई बघायला आली. म्हणाली, देवाची खूण आहे, चुडा शाबूत म्हणजे घर शाबूत. मी म्हटलं घेऊन जा तुझ्या वाट्याच्या. नको म्हणाली. खूण आहे तर नेत का नाही? डबा कपाटावर टाकलाय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हवालदार आला. शिवजयंतीला शिवनेरीच्या बंदोबस्तावर होता म्हणून उशीर झाला म्हणाला. ह्यांनी सकाळपासून माझ्या कानाला भुणभुण लावली होती. खुर्चीत व्हती म्हणून सांग, खुर्ची व्हतीच की गाडीत, खोटं कुठं हाय त्यात. ट्रॉलीवाल्यावर केस टाकायची आहे, त्याला कायदा बघावा लागतो.

हवालदारानं विचारलं, पोरगी कुठं बसली होती. मी म्हटलं, मांडीवर, पुढं.

हे उठून बाहेर गेले.

हवालदारानं पेन वर केलं. म्हणाला, "मावशी, चौदा वर्षांच्या खालच्या पोराला गाडीत पट्टा न्हाईतर त्याची खुर्ची पायजेच. कायदा हाय."

"कधीपासनं?"

"झाली की चार-पाच वर्सं."

"मग येऊन सांगितलं का नाही कुणी?"

"तुमच्या गाडीत खुर्ची व्हतीच न्हवं," म्हणाला. "म्हंजे कुणाला तरी म्हाईत व्हतं."

मी म्हटलं, ओतूरहून शाळेच्या पोरांनी भरलेल्या गाड्या जातात, पोरं डिकीत बसून पाय बाहेर सोडतात, त्यांना धरता का? तो चहा प्यायला. गाडी चालवणारावर पण येतं, भरतवर दंड बसंल म्हणाला. बसू द्या म्हटलं. आणि लिहा म्हटलं, मी घट्ट धरली होती. त्यानं लिहिलं. लिहिलेलं वाचून दाखवलं. मी सही केली.

तो गेल्यावर हे आत आले. म्हणाले, "आली मोठी हरिश्चंद्राची मावशी. आता ट्रॉलीवाल्याचा वकील हेच धरून बसंल."

धरू दे. मी काय चोरी केलीय का? मांडीवर होती ते मांडीवर सांगितलं. लपवायचं काय आहे त्यात, मला अजून कळत नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. साबुदाणा भिजवला, केला नाही. कांद्याच्या पाण्याची पाळी होती, हे गेले. भरत कामावर जातो, येतो, जेवतो. साधनाचा फोन त्याला येतो, तो घेऊन ओट्यावर जातो.

डाव्या हाताला मुंग्या येतात. प्लास्टर आहे, येतीलच. उजव्याला का येतात?

३ मार्च, सोमवार

मंचरला हात दाखवायला गेले. डॉक्टर म्हणजे पोरगाच आहे, भरतपेक्षा लहान असंल. समृद्धीला पहिल्यांदा त्यानंच बघितलं होतं. हात बरा जुळतोय म्हणाला. मग मीच विषय काढला. म्हटलं, एक सांगा, मी पोरीला एवढी घट्ट धरली होती, सुटली नाही माझ्या हातातनं, तरी तिला इतकं कसं लागलं आणि मला नुसता हात?

त्यानं आधी चिठ्ठी पुढं ओढली. गोळ्यांसाठी म्हणून मला काट्यावर उभं केलं. एकाहत्तर आलं. त्यानं लिहून घेतलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

म्हणाला, "आजी, गाडी थांबली. तुम्ही पट्टा लावला नव्हता, तुम्ही थांबला नाहीत. तुम्ही पुढं गेलात. पोरगी तुमच्या आणि फळीच्या मधी होती."

मी म्हटलं, मधी म्हणजे?

म्हणाला, मधीच.

तुमच्या जागी कुणी पैलवान असता तरी धरून ठेवता आली नसती, मनाला लावून घेऊ नका, असं पण म्हणाला. मी म्हटलं, गोळ्या जेवणाआधी का नंतर? नंतर म्हणाला.

स्टँडवर मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. गाडीला गर्दी होती. एक बाई मांडीवर बाळ घेऊन खिडकीशी बसली होती, तिच्या शेजारची जागा रिकामी झाली. मी उभी राहिले. नारायणगावपर्यंत उभी राहिले. घरी येऊन मेथी निवडली. चांगली नव्हती, फुलं आलेली.

६ मार्च, गुरुवार

डिंभ्याला जाऊन आले. कुणाला सांगितलं नाही. घोडेगावपर्यंत गाड्या मिळतात, पुढं एसटी येते तेव्हा येते. स्टँडवर मच्छी घेऊन चाललेल्या बाया होत्या, त्यांच्याबरोबर टेम्पोत बसले.

साधनाचा बाप कुशाबा दारातच होता. माणूस चांगला आहे. "या पावणं," म्हणाला, पाणी दिलं, गाडीला लई वेळ लागला असंल म्हणाला. मला वाटलं होतं भांडंल. भांडला असता तर मला पण बोलता आलं असतं.

पोरगी आतल्या खोलीत कॉटवर. कमरेपासून खाली प्लास्टर, एक पाय सगळा, दुसरा गुडघ्यापर्यंत, दोन्हीच्या मधी आडवी काठी. डोक्यावर बारीक केस आलेत. मामाच्या, आदेशच्या, मोबाईलवर काहीतरी बघत होती. मला बघून हसली. दोन दातांची जागा दिसली. मी जवळ गेले, कपाळावरनं हात फिरवायला वाकले.

ती म्हणाली, "आजी, धरू नको."

एवढंच. रडली नाही. परत मोबाईलकडं बघायला लागली.

मी हात मागं घेतला. केळी आणली होती ती कॉटच्या खाली ठेवली. साधना दारात उभी होती. मला वाटलं आता ही बोलंल. ती म्हणाली, आत्या, जेवून जा. जेवले. नाचणीची भाकरी आणि कालवण. चव आठवत नाही.

निघताना मी म्हटलं, घरी कधी येतेस? ती म्हणाली, बुधवारी, एकोणीसला प्लास्टर काढायला न्यायचंय. जाताना ॲम्ब्युलन्सनं नेणार, झोपवून. येताना मात्र गाडीनं. "पर कुठं यायचं, हितं का डिंगोऱ्याला, ते माझं ठरलं न्हाई. जुनी खुर्ची चालणार न्हाई, एकदा धक्का खाल्लेली परत वापरत न्हाईत. आन् खुर्चीतनं तिला कुणी काढणार आसंल, तर आमी हितंच बरं."

कुणी, म्हणाली. माझं नाव घेतलं नाही.

मी म्हटलं, तू त्या दिवशी जोरात का नाही बोललीस? माझ्या तोंडातनं निघून गेलं. ती म्हणाली, "बोलले असते तर तुमी ठिवली असती का?"

कुशाबानं एसटीत बसवून दिलं. जागा मिळाली.

१३ मार्च, गुरुवार

होळी. पोळ्या बयाबाईनं लाटल्या, माझ्या हातानं अजून जमत नाही. गाडी दुरुस्त होऊन आलीय. भरतनं नवी खुर्ची आणली आणि सकाळपासून मागं बसवत बसला. पुस्तकातली चित्रं बघायचा, पट्टा ओढायचा, सोडायचा. मग बाजरीचं गठुडं खुर्चीत घालून पट्टे लावले आणि खुर्ची धरून गदागदा हलवली. गठुडं हललं नाही. त्यानं परत सोडवलं आणि परत लावलं. मी ओट्यावरनं बघत होते. पुढच्या खाचेतली जीभ त्यानं पकडीनं दुमडली आणि होळीत टाकायला निघाला. बयाबाई म्हणाली, लोखंड जळत न्हाई बाबा. त्यानं ती उकिरड्यात पुरली.

पोळी खाताना ह्यांनी विषय काढला. पोरगी उंबऱ्याच्या आत आलीच नाही, तेव्हा जावळ अर्धवट आहे, म्हणूनच हे सगळं मागं लागलंय. बुधवारी दवाखान्यातनं आणताना हिनं परत मांडीवर घेऊन यायचं, नाहीतर निदान कळंबपासनं तरी. जिथं मोडलं तिथनं पुरं करायचं. बयाबाईनं मान हलवली. म्हणाली, माझ्या माहेरी पण असंच सांगतील, राहिलेली रीत पुरी करून घ्यावी, उगं लेकराच्या जिवाला घोर नको.

भरत ताटावर होता. म्हणाला, "दादा, परत बोलू नका हे."

"तू गप. गाडी तूच ठोकली."

भरत ताट तसंच ठेवून उठला.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. एवढी वर्षं रीत म्हटलं की मी पुढं असते, हे नुसते मान डोलावतात. आता हे पुढं आणि मी मान डोलवायची अशी त्यांची अपेक्षा. मी म्हटलं, माझं वजन एकाहत्तर आहे.

म्हणाले, त्याचं काय?

मी म्हटलं, काही नाही. जेवा.

१५ मार्च, शनिवार

कालचा दिवस गेला. आज सकाळी ह्यांना सांगितलं, मी मांडीवर घेणार नाही. कळंबपासनं नाही, वेशीपासनं नाही, फाटकापासनं पण नाही. म्हणाले, मग जावळाचं काय? म्हटलं, अर्धवट राहील. राहू दे. लोकांची घरं अर्धवट राहतात, विहिरी राहतात. म्हणाले, काही झालं तर तुझ्यावर. मी म्हटलं, बरं.

ते मळ्यात गेले. डबा न घेता गेले.

आता साधनाला सांगायचंय. ती माझा फोन उचलत नाही. भरतनं मोबाईलवर आवाज भरून पाठवायचं दाखवलंय, हिरवं बटण दाबून धरायचं. बोलायला गेलं की माझे शब्द पुढं मागं होतात, नाही ते तोंडातनं जातं. म्हणून आधी इथं लिहिते, मग वाचून पाठवते.

साधना, मी बोलते. बुधवारी पोरीला नव्या खुर्चीत बसव आणि सरळ डिंगोऱ्याला आण. खुर्ची भरतनं बसवलीय, बाजरी घालून बघितलीय, हलत नाही. मी गाडीत नसंल. पुढं पण नाही आणि मागं पण नाही. वाटंत रडली तरी काढू नको. भरत काढ म्हणाला तरी काढू नको. दारात आल्यावर तिला खाली ठेव, अंगणात ठेव, रस्त्यावर ठेव, तुला पाहिजे तिथं ठेव. पाय टाकता आला तर तिची ती आत येईल, नाहीतर तू उचल. दुसरं कुणी उचलणार नाही. तुझ्या सासऱ्यांना सांगितलंय. ते फुगलेत, फुगू दे.

आता एवढंच सांग. ती आत येईल तेव्हा मी घरात असू का नको? असू म्हणशील तर मी चुलीपाशी असंल, पुढं येणार नाही, ती बोलली तर बोलंल. नको म्हणशील तर मंगळवारीच कळंबला बहिणीकडं जाते, ती किती पण दिवस ठेवून घेईल. मला राग येणार नाही. पण भाज्या आणायच्या आहेत, दूधवाल्याला सांगायचंय, मऊ भात कुणी करायचा ते ठरवायचंय. ताटकळत ठेवू नको. हो का नाही, सोमवारी संध्याकाळपर्यंत सांग.